आधी बाळाच्या शीचा रंग बघ

‘ताई, मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आहे. मुलगा झाला, वजन २ किलो ८०० ग्रॅम. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली ती अजून उतरलेली नाही. आज बाळ ४७ दिवसांचं आहे. सगळे म्हणाले, कोवळं ऊन दाखव. रोज दाखवलं. दूध चांगलं पितो, हसतोही. पण डोळे पिवळे आणि शी पांढरट. गेल्या आठवड्यात जिल्ह्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पित्ताची नळी बंद असावी, लगेच मुंबईला न्या, ऑपरेशन लागेल. सासूबाई म्हणतात, एवढ्याशा जिवाला सुरी नको. आधी माळ घालू, अंग धरू दे, तीन-चार महिन्यांचा झाला की बघू. गावातल्या एकाने सांगितलं, या ऑपरेशननंतरही लिव्हर बदलावंच लागतं. मग दोनदा का कापायचं? सहाव्या महिन्यात ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्याचंही बोलणं ऐकते आहे. रात्र सरत नाही. काय करू?
– एक आई, मराठवाडा’

पोरी,

हे उत्तर आधी तुझ्या मोबाईलवर पाठवते आहे. छापून यायचं तेव्हा येईल, तेवढी वाट बघायला तुझ्या बाळाकडे वेळ नाही. माझ्या लेकीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

मुंबईला जा. उद्या मिळेल त्या गाडीने जा. वजन वाढायची वाट बघू नकोस. बाकीचं सगळं गाडीत बसल्यावर वाच.

मी डॉक्टर नाही. लहान मुलांच्या सर्जरीच्या वॉर्डात ३१ वर्षं सिस्टर होते. तुझ्या बाळाला नेमकं काय झालंय, पोट उघडायचं की नाही, हे सर्जनच सांगतील. पण पिवळ्या डोळ्यांची आणि पांढऱ्या शीची इतकी बाळं या हातांनी उचलली आहेत की तुझ्या पत्रातला ‘पांढरट’ हा एक शब्द वाचला आणि पुढचं वाचण्याआधीच कॅलेंडरकडे हात गेला. ४७ दिवस. साठावा दिवस तेरा दिवसांवर आहे.

साठ का, ते सांगते. आपलं यकृत दिवसरात्र पित्त तयार करतं. ते बारीक नळ्यांमधून मोठ्या नळीत आणि तिथून आतड्यात उतरतं. बाळाची शी पिवळी होते ती या पित्तामुळेच. काही बाळांमध्ये जन्माच्या आसपास यकृताबाहेरच्या या नळ्यांना सूज येते, त्या आक्रसतात आणि त्यांची सुतळीसारखी भरीव दोरी होते. इंग्रजीत या आजाराला बिलिअरी अट्रेझिया म्हणतात. दहा-पंधरा हजार बाळांत एखाद्याला तो होतो, म्हणून तुमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलेला नसतो. वाट बंद, पण यकृत पित्त करायचं थांबत नाही. ते आतच तुंबतं आणि यकृत हळूहळू निबर होत जातं. हे निबर होणं एकेका आठवड्याने वाढतं. म्हणून हे ऑपरेशन साठ दिवसांच्या आत झालं तर पित्त वाहू लागण्याची आशा सगळ्यात जास्त असते. नव्वद दिवसांनंतर ती बरीच खाली येते. साठावा दिवस म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. एकसष्टाव्या दिवशी दार बंद होत नाही, उशिरा आलेल्या बाळांचीही ऑपरेशनं होतात. पण आज हातात असलेले दिवस तीन महिने थांबून परत मिळत नाहीत.

सासूबाई म्हणतात, अंग धरू दे. एरवी हे शहाणपणाचंच बोलणं आहे. बेंबीच्या हर्नियासारखी काही ऑपरेशनं बाळ मोठं झाल्यावर करतात, तेही त्यांनी पाहिलं असेल. पण या आजारात गणित उलटं आहे. दुधातली चरबी पचायला पित्त लागतं. ते आतड्यात पोचतच नसेल तर बाळ पोटभर पिऊनही पुढे वजनात मागे पडतं. सुरुवातीचे दोन महिने मात्र ते छान गुटगुटीत दिसतं, हसतं, आणि त्यामुळेच सगळं घर फसतं. तीन-चार महिन्यांनी हात-पाय काड्यांसारखे, पोट नगाऱ्यासारखं, यकृत हाताला दगडासारखं कडक, अशी बाळं मी पाहिली आहेत. एक ११० व्या दिवशी आलं होतं. त्याच्या आईला दोन ठिकाणी सांगितलं होतं, ऊन दाखवा, जाईल. ती बाई रोज सकाळी दोन तास अंगणात बसायची. बाळ रापून गेलं होतं.

उन्हाचं एकदा स्पष्टच सांगते, कारण हे सदर आज्याही वाचतात. जन्मानंतर पुष्कळ बाळांना साधी कावीळ होते. पूर्ण दिवसांच्या बाळाची ती बहुतेक दोन आठवड्यांत उतरते. चौदा दिवस उलटूनही डोळे पिवळे असतील तर ऊन पुरे. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीचा पिवळा रंग, तपासायचं, आणि नुसतं एकूण नाही, त्यातलं ‘डायरेक्ट’, म्हणजे यकृताने पित्तात सोडायला तयार केलेलं, किती तेही. डायरेक्ट वाढलेलं असेल तर ती कावीळ उन्हाने किंवा निळ्या दिव्याखाली ठेवून जात नाही. पत्रासोबत पाठवलेल्या तुझ्या रिपोर्टात एकूण ९.२ आणि डायरेक्ट ६.१ आहे. म्हणजे दोन तृतीयांश डायरेक्टच. सोनोग्राफीत पित्ताशय दिसलेलं नाही. तुझ्या डॉक्टरांनी घाई केली ती बरोबर केली, त्यांचे आभार मान.

आता एक काम कर, सासूबाईंना शेजारी घेऊनच कर. वॉर्डात आम्ही सुती लंगोट खिडकीत उजेडाला धरायचो. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, सकाळच्या उजेडात बघ. अंगावर पिणाऱ्या बाळाची शी कशी असते? हळदीसारखी, फेटलेल्या मोहरीसारखी, कधी हिरवटही. त्याने घाबरायचं नाही. शाडूसारखी, भिजवलेल्या कणकेसारखी, खडूसारखी असेल तर ती वाईट खूण. यात एक फसगत असते. वरून शीला फिकट पिवळी साय आल्यासारखी दिसते, कारण कावीळ झालेल्या शरीराचा पिवळेपणा तिला बाहेरून लागलेला असतो. काडीने फोडून आतला रंग बघ. आणि शू बघ. एवढ्या लहान बाळाची शू पाण्यासारखी हवी, लंगोटावर डाग राहायला नको. तुझ्या बाळाच्या लंगोटाला पिवळा-तपकिरी डाग पडतो का? धुऊनही जात नाही ना?

सासूबाईंनी चार बाळंतपणं काढली असतील. त्यांना मोठमोठे शब्द सांगू नकोस, लंगोट दाखव आणि विचार, ‘आई, तुमच्या लेकरांची अशी होती का?’ बस. मी कितीतरी आज्यांना या एका प्रश्नाने पदर खोचून उभ्या राहिलेल्या पाहिलं आहे. नातवासाठी मुंबईत रात्री व्हरांड्यात झोपणाऱ्याही त्याच असतात.

माळेबद्दल. काविळीची माळ माझ्या आजोळीही मिळायची. ओल्या काड्यांचे तुकडे गाठीत ओवतात. काड्या वाळतात, आकसतात, गाठी सैल पडतात आणि माळ गुडघ्यापर्यंत लांबते. खुंटीला टांगली तरी लांबेल. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, तीही चुन्याची आणि आधी हाताला चोळलेल्या रसाची करामत. मोठ्या माणसांना दूषित पाण्यातून होणारी कावीळ चार-सहा आठवड्यांत आपली आपण उतरते, आणि श्रेय माळेला जातं. त्यामुळे सासूबाईंनी माळेने बरी झालेली माणसं खरोखरच पाहिली आहेत, त्या खोटं बोलत नाहीत. फक्त ती कावीळ वेगळी आणि ही वेगळी. बंद नळी माळेने उघडत नाही. माळ देवघरात ठेवा, पाळण्याच्या खुंटीला लावा. बाळाच्या गळ्यात नको, झोपेत फास बसतो. अंगारा कपाळाला लावा, दृष्ट काढा, त्यात माझं काही जात नाही. पण नाकात कडू दोडकीचे थेंब, पोटावर डाग, झाडपाल्याचा रस, घुटीत कसलीशी पूड, यांतलं काहीही नाही. आधीच दमलेल्या यकृतावर तो आणखी भार होतो.

आणि ग्रहण. तू भाजी चिरलीस म्हणून हे झालेलं नाही. तू काय खाल्लंस, किती कष्ट केलेस, कुणाला उलटून बोललीस, याचा या आजाराशी संबंध नाही. जगभर डॉक्टर कारण शोधताहेत, आणि त्यांच्या यादीत आईची चूक कुठेही नाही. हे घरातल्या पुरुषांना मोठ्याने वाचून दाखव. रात्र सरत नाही म्हणतेस, तर या एका गोष्टीचं ओझं आज रात्री उतरवून ठेव. बाकीच्यांसाठी ताकद लागणार आहे.

आता ऑपरेशन. तिथे गेल्यावर आधी तपासण्या होतील. पुन्हा रक्त, काही तास उपाशी ठेवून पुन्हा सोनोग्राफी, कदाचित पित्त आतड्यात उतरतं का ते दाखवणारा हिडा स्कॅन, कदाचित सुईने यकृताचा कण काढतील. थायरॉइड, जंतुसंसर्ग आणि इतरही काही कारणांनी शी फिकी होऊ शकते, त्यांचे उपाय वेगळे. म्हणून मी इथे बसून निदान करत नाही, तूही फोटो पाठवून कुणाचं मत घेत बसू नकोस. सगळ्या तपासण्या एकाच रुग्णालयात होऊ देत, वेगवेगळ्या लॅबच्या रांगांत दिवस जातात. उपाशी ठेवल्यावर बाळ टाहो फोडेल आणि तुझा पान्हा वाहेल. रडू आलं तर रड, पण पाजू नकोस. पाजलंस तर पित्ताशय भरलेलं की रिकामं हे कळणार नाही आणि तपासणी पुन्हा होईल.

शेवटची खात्री टेबलावरच होते. पोट थोडं उघडून पित्ताशयात औषध सोडतात आणि एक्स-रेवर वाट मोकळी आहे का बघतात. मोकळी दिसली तर पोट बंद करून बाळाला बाहेर आणतात. वाट नसेल तर दोरीसारख्या झालेल्या नळ्या यकृताच्या दाराशी कापून काढतात. तिथे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक पित्तवाहिन्या उघड्या पडतात. मग लहान आतड्याचा एक वेढा वर आणून त्या जागेला शिवतात. पित्त थेंब थेंब पाझरून आतड्यात पडावं एवढ्यासाठी. चार-पाच तास लागतात. बाहेर बसणाऱ्याला ते युगासारखे वाटतात.

याला कासाई ऑपरेशन म्हणतात. नावाने दचकू नकोस, आपल्याकडे कसाई शब्द ऐकून एक आजोबा बाळ उचलून निघाले होते. कासाई हे जपानमधल्या सेंदाईच्या एका सर्जनचं आडनाव, मोरिओ कासाई. १९५० च्या दशकापर्यंत यांतल्या बहुतेक बाळांना जगभर ‘दुरुस्त न होणारी’ म्हणून शिवून परत पाठवायचे. १९५५ साली एका बाळाच्या ऑपरेशनात यकृताच्या दाराशी रक्त थांबेना, म्हणून कासाईंनी आतड्याचा भाग तिथे टेकवला. पुढे त्या बाळाच्या शीत पित्ताचा रंग उतरू लागला. त्यांनी तो धागा सोडला नाही, आणि १९५९ मध्ये ही पद्धत छापली. आज तुझ्या बाळाला जी संधी आहे ती तिथून आली.

आता तुझा सगळ्यात अवघड प्रश्न. पुढे लिव्हर बदलावंच लागणार असेल तर आधी हे कशाला? तुला गोड करून सांगणार नाही. चांगल्या हातांत, वेळेवर झालेल्या ऑपरेशनांपैकी साधारण निम्म्यांत कावीळ पूर्ण उतरते. उरलेल्यांना बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच यकृत बदलावं लागतं. ज्यांची कावीळ उतरते त्यांच्यातल्याही बऱ्याच जणांना पुढे, कुणाला शाळेत असताना, कुणाला विशीत, त्याची गरज पडते. काही मात्र स्वतःच्याच यकृतावर मोठी होतात. म्हणजे गावातल्या माणसाने सांगितलं ते निम्मं खरं आहे. पण हे ऑपरेशन यशस्वी झालं तर बाळाला वर्षं मिळतात, आणि आठ-दहा किलोच्या मुलाचं यकृत बदलणं चार किलोच्या बाळापेक्षा पुष्कळ सोपं असतं. रक्ताच्या नळ्या इतक्या लहान असतात की एकेक किलो मोजावा लागतो. काहीच केलं नाही, तर या आजाराची बहुतेक बाळं दोन वर्षांपलीकडे जात नाहीत. हे लिहिताना हात जड होतो, पण निर्णय तुम्हा दोघांना घ्यायचा आहे, तेव्हा तुम्हाला ते माहीत असायलाच हवं.

यकृत बदलायचं म्हणजे कुणी मरायची वाट बघायची, असंही नाही. आई किंवा वडिलांच्या यकृताच्या डाव्या बाजूचा छोटा भाग, सुमारे पाचवा-चौथा हिस्सा, बाळाला पुरतो. देणाऱ्याचं यकृत पुन्हा भरून येतं. भारतात लहान मुलातलं असं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण १९९८ मध्ये दिल्लीत झालं. मुलगा दोन वर्षांचाही नव्हता, आजार हाच, यकृत दिलं वडिलांनी. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला. पण हा पुढचा घाट आहे, आज तिथे मन नेऊ नकोस.

निघण्याआधी एक गोष्ट चुकवू नकोस. तुझ्या डॉक्टरांना विचार, ‘व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलंय का?’ पित्ताशिवाय हे जीवनसत्त्व अंगात मुरत नाही, आणि ते नसलं की रक्त गोठत नाही. जन्मल्यावर दिलं असेल तरी पुन्हा विचार. बेंबीतून रक्ताचा ठिपका, अंगावर निळा डाग, नाकातून रक्त, किंवा बाळ अचानक मलूल होऊन उलट्या करू लागलं, तर मुंबई नाही, जवळचं मोठं रुग्णालय गाठ. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

पैशाचं. तू पत्रात लिहिलं नाहीस, पण फोन नंबरखाली ‘बैल विकावे लागतील का’ असं लिहून खोडलेलं दिसलं. आधी काही विकू नका. परळला वाडिया आणि केईएम, शीवला लोकमान्य टिळक रुग्णालय, या तिन्ही ठिकाणी लहान मुलांच्या सर्जरीचे विभाग आहेत. गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेची मदत करणाऱ्या माणसाचं, टेबल शोधायचं आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसवून घ्यायचं. रेशनकार्ड, तुम्हा दोघांची आधार कार्डं, बाळाचा जन्मदाखला. दाखला अजून काढला नसेल तर तो आजच काढा, याच कागदापायी लोक परत फिरलेले पाहिले आहेत. खाजगी ट्रस्टच्या रुग्णालयात जायची वेळ आलीच, तर आपल्या राज्यात धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेविकेला भेटून स्पष्ट शब्दांत मागा. लाजायचं नाही. आणि तुमच्या आशाताईला सांगून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडे नाव लावा, पुढच्या खेपांना उपयोग होतो. आशाताई बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन गेली असेल ना? तिने डोळे पाहिले, शी विचारली का? नसेल विचारली तर रागावू नकोस. हे उत्तर तिला पाठव, तिच्या हाती पुढची पन्नास बाळं आहेत. तैवानमध्ये २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचं छापील कार्ड देतात, आई घरी रंग जुळवून बघते. आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर असे सात-आठ रंगांचे चौकोन छापायला किती शाई लागेल? मी जिथे बोलावतील तिथे हे बोलत आले आहे आणि बोलत राहीन.

ऑपरेशननंतरचे दिवस लांबतात. काही दिवस तोंडाने काही नाही, सलाईन, नाकात नळी. घाबरशील, पण ती नळी पोट मोकळं ठेवायला असते. तुझं दूध तोपर्यंत काढून ठेव, आटू देऊ नकोस. घरी आल्यावर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं, पित्त पातळ ठेवायचं औषध आणि बहुधा काही महिने अँटिबायोटिक. एकही डोस ‘आता बरा दिसतो’ म्हणून बंद करायचा नाही. ताप आला तर तो सर्दीचा समजायचा नाही. आतडं थेट यकृताला जोडलेलं असतं, जंतू वर चढतात. ताप, पुन्हा पिवळेपणा, पुन्हा फिकी शी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय. गाव लांब असलं तर पहिले दोन महिने मुंबईच्या जवळपास कुणा नातेवाइकाकडे राहता येतं का बघा. वॉर्डातली समाजसेविका धर्मशाळांचे पत्ते देते.

एका पहाटेची आठवण सांगते. ऑपरेशनला सहा दिवस झाले होते. लातूरकडचीच एक आई, सगळ्यांशी अबोल. मी तापमानं लिहीत होते. ती लंगोट दोन्ही तळव्यांवर धरून अनवाणी माझ्या टेबलापाशी आली, बोलली काहीच नाही. मी उठून खिडकीचा पडदा बाजूला केला. शेवाळासारखा गडद हिरवा डाग. आम्ही दोघी तो बघत उभ्या राहिलो, मग तिने शेजारच्या खाटेवरच्या बाईला उठवलं, तिने पुढच्या.

पिशवीत दोन झबली, टोपडं, भरपूर सुती लंगोट घे, डायपर नकोत, रंग नीट दिसत नाही. सगळे रिपोर्ट आणि सोनोग्राफीची फिल्म वेगळ्या पिशवीत, अंगाजवळ. आज सकाळचा लंगोट न धुता कागदात गुंडाळून घे, डॉक्टरांना दाखव. सासूबाईंना सोबत ने. बसल्यावर मला फोन कर, आणि ऑपरेशननंतर शीचा रंग रोज कळव, रात्री-अपरात्रीसुद्धा.

तुझी,
सिस्टरताई